गेथशेमानेच्या घाणेवाल्याचं वकीलपत्र

"तो घाणेवालो त्या दिवसाक खंय होतो, ता पयला माका सांगा! बाकीचा मागसून बोलूया!"

हे ओरडणं इगर्जीच्या ओसरीवरून चाललं होतं. चर्चला आमच्या किनाऱ्यावर हिंदू काय नि किरिस्तांव काय, सगळे इगर्जीच म्हणतात. रविवारची प्रार्थना नुकतीच आटपली होती. बाकावर कमिटीची पाच माणसं, खुर्चीत फादर, आणि मधोमध कमरेला पंचा, अंगात बिनबटणांची बंडी, खांद्यावर तेलाने ओशट झालेला टॉवेल अशा थाटात माझे आतोबा उभे. त्यांच्या आवाजाने घंटेच्या मनोऱ्यातले पारवे जे उडाले ते थेट आचऱ्याला जाऊन उतरले, असं आचऱ्याचेच लोक सांगतात. सभा बोलावली होती इगर्जीतल्या दिव्यात तेल कोणाचं घालावं हे ठरवायला. आणि आतोबा ज्याची चौकशी करीत होते तो घाणेवाला एकोणीसशे वर्षांपूर्वी यरुशलेम नावाच्या गावाबाहेर राहत होता. राहत असावा, असं आपलं आतोबांचं म्हणणं. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, आणि ज्या पुस्तकात तो असायला हवा त्या पुस्तकात त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. आतोबांचा सगळा संताप त्या अवाक्षर नसण्याबद्दलच होता.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हापासून पाच वर्षं माझी वळकटी त्यांच्याच पडवीत होती, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो: वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या वतीने भांडणारा असा माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर त्याच्या वतीनेही आतोबाच भांडले असतील. ज्याच्यासाठी भांडायचं त्याची ओळख असावी, त्याने तक्रार केलेली असावी, निदान तो जिवंत असावा, असल्या क्षुल्लक अटी त्यांनी कधी घातल्या नाहीत. एकदा जत्रेत दशावतार रंगात आला होता. राजा "सारथ्या, रथ हाक!" म्हणून तिसऱ्यांदा गरजला तेव्हा आतोबा प्रेक्षकांतून उठले. "राजानू, सकाळपासून तीन लढाये झाले. घोड्यांका पाणी कोणी दाखवल्यान?" राजाने न ऐकल्यासारखं करून मिशीला पीळ दिला. "मिशी मागसून पिळा! पयली घोड्यांची सोय बघा!" झालं, सगळी जत्रा घोड्यांच्या बाजूची झाली. अखेर राजाला रथातून खाली उतरून (रथ म्हणजे एक लाकडी बाकडं) ओंजळीने घोड्यांना पाणी पाजावं लागलं. घोडे नाटकात नव्हतेच. तरी ते भरपूर प्याले, असं आतोबांचं समाधान झाल्यावरच लढाई पुढे सुरू झाली.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचं भलंमोठं जाळं, ओढली की दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, हा जुना रिवाज. एकदा एक म्हातारा वाळूवर बसून नुसता "ओढा, ओढा!" म्हणत होता. वाटे पडले, म्हाताऱ्याला काही मिळालं नाही, आणि तिथून घाईने जाणारे आतोबा जागीच थबकले. "जोर तेच्या तोंडात होतो म्हणान काय तो जोर नाय?" तासभर वाद झाला. शेवटी रापणकरांनी हात जोडले आणि चार ताजे फडफडीत बांगडे म्हाताऱ्याच्या पुढ्यात टाकले. म्हातारा ओरडत उठला आणि समुद्रात जाऊन अंघोळ करून आला. तो माळकरी होता.

हे झालं दुसऱ्यांचं. स्वतःची बाजू मांडायची वेळ आली की मात्र ह्याच माणसाची जीभ टाळूला चिकटे. शेजाऱ्याने हद्दीवरचे ह्यांचे दोन माड आपल्या कुंपणात घेतले, तेव्हा आत्याने ढकलून त्यांना मालवणला कचेरीत पाठवलं. संध्याकाळी परत आले ते खुशीत. "काय झाला?" आत्याने विचारलं. "गो, तेची बाजू कोण नीट मांडीच नाय होतो," आतोबा म्हणाले. "मगे मीयाच मांडलंय." माड अर्थातच शेजाऱ्याला मिळाले. दर वर्षी त्या माडांचा पहिला नारळ शेजारी आठवणीने आणून देई आणि आतोबा संकोचाने म्हणत, "ह्या कित्याक रे, तुजे माड."

घरामागे त्यांचा खोबऱ्याचा घाणा होता. लाकडी उखळ, त्यात फिरणारा जाड दांडा म्हणजे लाट, आणि ती फिरवणारा एक तांबडा बैल. घाण्याचं कुरकुरणं असं की धुक्यात वाट चुकलेल्या होड्या त्या आवाजाच्या रोखाने किनाऱ्याला लागत. मी स्वतः एकही होडी लागताना पाहिली नाही, पण धुकं पुष्कळदा पाहिलं आहे. बैलाशी आतोबा अहो-जाहोने बोलत. "चला, बसलात ता पुरे झाला," असं म्हटलं की बैल उठे. "ऊठ रे" म्हटलेलं तो मनाला लावून घेई. आम्ही सोमवार-तेली. सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशी नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही. सोमवारी बैल अंगणात रवंथ करीत पसरे आणि आतोबा त्याच्या पाठीला तेल चोळीत बसत. आत्या म्हणे, "माज्या पाठीक पंचवीस वर्सांत कोणी तेल लावूक नाय." त्यावर आतोबा गंभीरपणे विचारत, "तू घाणो ओढतंस?"

पण मी गेलो त्या सुमारास बाजारात इंजिनवर चालणारी तेलाची गिरण आली होती. तिचं तेल पाण्यासारखं स्वच्छ. हळूहळू गावातली गिऱ्हाइकं तिकडे वळली. मागे राहिला तो एकटा इगर्जीतला दिवा. वेदीपुढे टांगलेला तो दिवा वर्षाचे बारा महिने जळत असे, आणि आतोबांच्या आज्यापासून त्यात ह्याच घाण्याचं तेल जाई. दर शनिवारी आतोबा पितळी डबा भरून, तो घासूनपुसून, स्वतः नेऊन देत. आत्याने मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "मास्तरा, ह्यो घाणो आता त्या दिव्यार उभो आसा. दिव्याचा तेल बंद झाला, की बैलाक कोणाच्या तरी शेतार धाडूचो आणि घाणो बंद. मगे हे दिसभर करतले काय?" तिला घाण्याची पर्वा नव्हती, ती होती ह्या शेवटच्या प्रश्नाची.

आणि तो दिवस येऊन ठेपला. एका दुपारी फादर छत्री घेऊन आमच्या अंगणात आले. फादर गोव्याकडचे, शिकलेले, आणि स्वभावाने इतके मऊ की त्यांच्या शेवग्यावर चढणाऱ्या पोरांना ते "सांबाळून देंव रे" म्हणून उतरायला शिडी धरत. घाण्याचं तेल धूर करतं, वेदीवरचे पडदे काळे होतात, म्हणून गिरणीचं तेल आणावं असं कमिटीतल्या पाववाल्याने काढलं होतं. ते सांगायला फादर आले होते. कोकमाचं सरबत झालं, पावसाचं झालं, बैलाच्या तब्येतीचं झालं. तेलाचं काही फादरांच्या तोंडून निघेना. शेवटी कडू औषधाआधी गूळ द्यावा तसं ते म्हणाले, "तुमकां एक गजाल सांगतां." आणि सांगितली. पकडून नेण्याच्या आदल्या घटकेला येशू एका बागेत गेले. तीन मित्रांना म्हणाले, जागे राहा. स्वतः पुढे जाऊन प्रार्थना करू लागले, जीव कासावीस झाला होता. मित्र झोपी गेले. आणि मग शिपाई आले. "त्या जाग्याचें नांव गेथशेमाने," फादर म्हणाले. "तांचे भाशेंत ताचो अर्थ तेलाचो घाणो."

लाट पुसता पुसता आतोबांचा हात थांबला. बैलही रवंथ करायचा थांबला, हे मी शपथेवर सांगतो.

"घाणो?"

"घाणो."

"खोबऱ्याचो?"

"ना. थंय जैतुनाचीं झाडां. त्या फळांचें तेल."

"आणि तेंका धरून नेल्यानी ते घाण्यारसून?"

"व्हय."

"मगे घाण्याचो धनी खंय होतो?"

फादरांनी सरबताचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. पाद्री होण्यासाठी त्यांनी बारा वर्षं अभ्यास केला होता. लॅटिन केलं होतं, ग्रीक केलं होतं. हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. "म्हाका खबर ना," ते म्हणाले, आणि तेलाचा विषय व छत्री दोन्ही विसरून निघून गेले.

त्या दिवसापासून आतोबांचं चित्त उडालं. त्यांच्या मते हा साऱ्या घाणेवाल्यांच्या अब्रूचा प्रश्न होता. आपल्या घाण्यावर आलेला माणूस रडतो आहे, घाबरला आहे, त्याची माणसं घोरताहेत, आणि धनी बाहेर येऊन "काय झाला बाबा?" म्हणून विचारत नाही? तांब्याभर पाणी देत नाही? "असो घाणेवालो जन्माक येवचो नाय," आतोबा म्हणत. "तेच्यार कायतरी तशीच येळ इली आसतली." ती वेळ कोणती, हे शोधण्यात जेवणं गार होऊ लागली. आधी ठरलं, तो आठवड्याच्या बाजाराला गेला असणार. मग ठरलं, त्याची बायको बाळंत होत असणार. त्या न झालेल्या बाळंतपणाची काळजी आत्याने दोन दिवस केली. मग एका सकाळी मी दाढी करीत असताना आतोबा ओरडत आले, "मास्तरा, खाडो होतो, खाडो!" पूर्वी आगबोटीत त्यांना कुलाब्याकडचा एक शनवार-तेली भेटला होता. तिकडचे ते बेने इस्राएल लोक, म्हणजे यहुदी. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, पण शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून नावच शनवार-तेली. येशू त्यांच्यातलेच. "आमचो सोमवार तसो तेंचो शनवार! घाणो बंद, धनी घराक!" आतोबा तसेच धावत फादरांकडे गेले. पंधरा मिनिटांत परत आले ते पाय ओढीत. येशूंना धरून नेलं तो दिवस गुरुवारचा होता.

हा गुरुवार त्यांना फार लागला. दोन दिवस ते बैलाशीसुद्धा बोलले नाहीत. मग शेंगदाणे खाता खाता एकदम थांबून त्यांनी मला विचारलं, "ता जैतून पिकता कधी?" मला ठाऊक नव्हतं. फादरांना ठाऊक नव्हतं. फादरांनी आपल्या जुन्या गुरुजींना पत्र घातलं.

इकडे कमिटीची सभा ठरली. फादरांनी मला चिठ्ठी पाठवली: तेलाचं त्या दिवशी ठरेल, तुमच्या आतोबांनी येऊन आपली बाजू मांडावी, मांडली तर माझं मत त्यांच्याकडे आहे. आत्याने चिठ्ठी तीनदा वाचून घेतली आणि आतोबांना शिकवणी सुरू केली. फक्त तीन वाक्यं: माझ्या आज्यापासून दिव्याला आमचं तेल आहे, धूर होऊ नये म्हणून मी ते दोनदा गाळून देईन, दिव्याचं तेल गेलं तर माझा घाणा बंद पडेल. शाळेत मी पोरांकडून पाढे करून घेत नसेन इतक्या वेळा तिने ती घोकून घेतली. तिसऱ्या वाक्याला आतोबांची गाडी दर वेळी अडे. "ता कसा सांगूचा गो? लोकांका वायट वाटात." "वाटांदेत!" आत्या म्हणे. "त्येच्यासाठीच सांगूचा!"

आणि रविवारी ओसरीवर उभे राहून आतोबा काय ओरडले, ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

फादर शांतपणे उठले. झग्याच्या खिशातून त्यांनी पाकीट काढलं. गुरुजींचं उत्तर शनिवारच्या टपालाने आलं होतं. फादरांनी मराठी-कोंकणीची भेळ करून ते वाचलं: तिकडे जैतुनाची फळं उतरतात ती आपल्या दिवाळीच्या आगेमागे. घाणे चालतात महिना, फार तर दोन महिने. मग पुढच्या फळापर्यंत ती जागा सामसूम, कोणी फिरकत नाही.

"आणि तेंका धरून नेल्यानी ते कोणत्या महिन्यात?" आतोबा दोन पावलं पुढे आले.

"पास्काच्या सणांत. पुनवेक. म्हळ्यार तुमचो चैत."

"चैतात!" आतोबांनी टॉवेल हवेत उडवला. "दिवाळीच्या फळाचो घाणो चैतात चलतलो? फळ नाय, बैल सोडलेलो, लाट भिंतीक लावलेली! धनी थंय येवन करतलो काय? तेचो गुन्हो कसलो, तेका पत्तोच नाय होतो! सुटलो! घाणेवालो सुटलो!"

बाकावरची पाचही माणसं उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या. आतोबांनी हात जोडून, डोळे मिटून, आमच्या देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं: "बा देवा म्हाराजा! आज एकोणीसशे वर्सां जो घाणेवालो नाहक बदनाम झालो..." बदनाम त्याला आतोबांखेरीज कोणी केलं नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. "...तो आज निर्दोष सुटलो रे म्हाराजा!" आणि गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवय रक्तातच असते, पाचही किरिस्तांवांनी एका दमात दणकून उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!" फादरांचेही ओठ हलले. पाववाल्याने तर आतोबांना मिठी मारली. त्या जल्लोषात आतोबा पायऱ्या उतरले आणि मीही, लाज वाटते सांगायला, त्यांचा टॉवेल झेंड्यासारखा धरून "व्हय म्हाराजा" करीत मागोमाग निघालो.

आत्या दारातच उभी होती. आतोबांनी पाय न धुताच सगळा खटला सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "बरा झाला. आणि दिव्याचा?"

आतोबांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"दिव्याचा बोलूक ऱ्हवला," आतोबा म्हणाले.

मी धावत परत गेलो. फादर ओसरी झाडून घेत होते. आम्ही निघाल्यावर पाववाल्याने तेलाचा विषय काढला. कोणी विरुद्ध बोललं नाही. ठराव झाला, गिरणीचं आणायचं. "एक उतर, एक शब्द उलयले आसले जाल्यार..." एवढंच फादर म्हणाले, आणि आतोबांची वाट बघत त्यांनी सभा अर्धा तास लांबवली होती, हे मला त्यांच्या झाडूवाल्याकडून कळलं. पाववाल्याला घरी गेल्यावर पश्चात्ताप झाला म्हणे. त्याने दुपारी सहा पाव पाठवले. आत्याने ते घेतले आणि चहाबरोबर आतोबांच्याच पुढ्यात ठेवले.

बैल देवगडच्या वाटेवर एका पुतण्याच्या वाडीत जायचा ठरला, पण त्याला न्यायला माणूस यायचा होता, तोवर तो अंगणात राहिला. घाणा थांबला. त्याच्या कुरकुरण्याला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, आता त्याच्यावाचून घरात चमचा पडला तरी दचकायला होई. आतोबा भांडायचे थांबले. गल्लीत दोन कुत्री एका कुत्र्यावर धावून गेली तरी नुसते बघत बसले. एका संध्याकाळी ते माझ्या वळकटीशी येऊन बसले.

"मास्तरा, तेका मी सोडवलंय, ता खरा," ते हळू म्हणाले. "पण घाणो बंद होतो म्हणानच तर तो जागो तसो गावलो ना शिपायांका? चालू आसतो तर बैल आसतो. चार माणसां तेलाक आसती. कोणतरी इचारता, काय रे बाबा, कित्याक रडतस?"



पुढच्या आठवड्यात इगर्जीचा तो गुरुवार आला, येशूंना बागेतून धरून नेल्याच्या आठवणीचा. संध्याकाळी मी शाळेतून येत होतो तो नाक्यावरच थबकलो. कुर्र, कुर्र, कुर्र. धावत मागच्या अंगणात गेलो. बैल फिरत होता, आतोबा त्याच्यामागून चालत होते, आणि उखळ रिकामं होतं. रिकामा घाणा फिरवू नये, उखळ झिजतं, हे तेल्याच्या मुलाला बोलायच्या आधी शिकवतात. लाकडावर लाकूड घासून असा आवाज येत होता की अंगावर काटा यावा. आत्या मागच्या दाराशी बैलाची वैरण घेऊन उभी होती. मला वाटलं ती आता थांबवील. तिने वैरण खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

बाहेरच्या पाणंदीने किरिस्तांव वाडीतली माणसं इगर्जीकडे चालली होती. आवाज ऐकून एकेक जण पावलं आवरून घेई, आत डोकावे, आणि पुढे जाई. कोट घातलेला पाववाला मात्र कुंपणाच्या फाटकापाशी थांबला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता.

"घाणो चालू केलास?" त्याने ओरडून विचारलं. "मगे तेल गावतला?"

"तेल नाय," आतोबा चालता चालताच म्हणाले. "घाणो नुसतो चालू आसा."